पडदे उघडे, दार मात्र वेळ ठरवून

जूनमध्ये नेदरलँड्समधल्या कुठल्याही वस्तीतून चक्कर मारली, की मधूनच एखाद्या घरावर लाल-पांढरा-निळा झेंडा लागलेला दिसतो आणि त्या झेंड्याच्या काठीला चक्क दप्तर लटकत असतं. त्या घरातलं मूल शालान्त परीक्षा पास झालं, असा त्याचा अर्थ. टक्के किती पडले, पोरगं वरच्या नंबरात आलं की काठावर सुटलं, हे दप्तरावरून कळत नाही आणि कोणी विचारतही नाही. क्लासवाल्यांचे फलक नाहीत, पेपरात फोटो नाहीत. आमच्या समोरच्या घरावरचं दप्तर पावसात भिजून पार लोंबायला लागलं होतं. चेन अर्धवट उघडी आणि आतून एक वही डोकावत होती. ते उतरवायची घाई कोणालाच नव्हती. आम्स्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलवेनमधल्या मराठी घरांवरही आता अशी दप्तरं दिसू लागली आहेत. आत मात्र पेढे असतात.

घरातली गोष्ट बिनदिक्कत बाहेर टांगायची, ही इथली रीतच आहे. बाळ झालं की दारात लाकडी करकोचा उभा राहतो, खिडकीत बाळाचं नाव झळकतं. भेटायला येणाऱ्याला लोणी लावलेला गोल, कुरकुरीत टोस्ट मिळतो आणि त्यावर साखरेचं कवच असलेले दाणे पसरलेले असतात. मुलगी झाली तर गुलाबी-पांढरे, मुलगा झाला तर निळे-पांढरे. दिसायला थेट आपल्या हॉटेलात बिलासोबत येणाऱ्या रंगीत बडीशेपेसारखे. २००३ मध्ये राजकन्या अमालिया जन्मली, तेव्हा हे दाणे राजघराण्याच्या नारिंगी रंगात बाजारात आले होते. एकही दाणा मांडीवर न सांडता तो टोस्ट खाणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि त्या खिडक्या! संध्याकाळी दिवे लागले तरी पडदे उघडेच. रस्त्यावरून जाणाऱ्याला सोफा, पुस्तकांचं कपाट, टीव्हीवरची मॅच, टेबलावरची बटाट्याची कढई, सगळं दिसतं. लपवण्यासारखं काही नाही हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसावं, म्हणून ही पद्धत पडली असं सांगणारे आणि त्याचा संबंध थेट कॅल्विनपंथी ख्रिस्ती शिकवणुकीशी जोडणारे पुष्कळ भेटतात. मला हे स्पष्टीकरण जरा जास्तच सोयीचं वाटतं. नोव्हेंबरपासून पुढे इथं उजेडाचाच इतका दुष्काळ असतो, की काचेवर कापड ओढायला जिवावर येतं.

पण खिडकीतून सगळं दिसतं म्हणून दार वाजवून ‘सहज आले होते’ म्हणायची सोय नाही. इथं प्रत्येकाकडे डायरी असते. पूर्वी कागदी, आता फोनमध्ये. मैत्रिणीकडे कॉफीला जायचं, तरी दोघींच्या डायऱ्या उघडतात आणि तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार निघतो, सकाळी साडेदहा. साडेदहा म्हणजे साडेदहाच. यजमानीण कॉफी करते, बिस्किटांचा डबा फिरवते आणि झाकण लावून ठेवून देते. संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवणाची वेळ, त्यामुळे दुपारी आलेले पाहुणे साडेपाचला आपण होऊन उठतात. ‘आता जेवूनच जा’ हे वाक्य कानावर पडेल, या आशेवर कोणी बसून राहत नाही.

वाढदिवसालाच काय ते घर भरतं. खुर्च्या भिंतीला लावून गोल मांडलेल्या असतात. नव्यानं आलेला पाहुणा एका टोकापासून सुरुवात करतो आणि वर्तुळातल्या एकेकाशी हात मिळवत सगळ्यांचं अभिनंदन करतो. फक्त ज्याचा वाढदिवस त्याचं नव्हे, तर सगळ्यांचं. बायकोच्या वाढदिवसाबद्दल नवऱ्याचं, वहिनीच्या वाढदिवसाबद्दल नणंदेचं, शेजारणीच्या वाढदिवसाबद्दल शेजाऱ्याचं. सासूबाई आणखी एक वर्षानं मोठ्या झाल्याबद्दल एका जावयाचं मनापासून अभिनंदन होताना मी पाहिलं आणि त्यानंही तितक्याच गंभीरपणे आभार मानले. मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. थोड्या वेळानं चीजचे चौकोनी तुकडे आणि मोहरीची चटणी फिरते. शेजारी जो बसला असेल त्याच्याशी हवामानापासून घराच्या कर्जापर्यंत गप्पा मारायच्या. जागा बदलायची म्हणजे सगळ्या वर्तुळानं गुडघे आवळायचे. ऑफिसात याच्या उलट: वाढदिवस ज्याचा, केक त्यानंच आणायचा.

या सगळ्या तारखांची वही असते संडासात. तिथं आत बसलेल्याच्या नजरेसमोर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर ना वार ना साल, फक्त महिने आणि तारखा, म्हणून ते वर्षानुवर्षं चालतं. कोपरे पिवळे पडतात, घटस्फोट झालेल्या जावयाच्या नावावर एखादी काट दिसते. कोणाच्या संडासात आपलं नाव लिहिलेलं सापडलं, की त्या घरानं आपल्याला धरलं असं खुशाल समजावं.

पैशांचा हिशेबही असाच उघडा. २०१६ मध्ये एबीएन आम्रो बँकेनं ‘टिकी’ नावाचं अ‍ॅप आणलं. कोणाकडून किती येणं आहे ते लिहायचं आणि त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्यायची, इतकं सोपं. पिझ्झा खाऊन मंडळी ट्राममध्ये बसतात न बसतात, तोच आपल्या वाट्याची रक्कम फोनवर हजर. सिनेमाची तिकिटं, शिक्षिकेला सगळ्यांनी मिळून दिलेली भेट, कॉफीचा एक कप, सगळ्याची टिकी येते. बिल कोणी भरायचं यावरून आपल्याकडे काउंटरपाशी जी झटापट होते, तिला इथं वावच नाही. सुरुवातीला हे कोरडं वाटतं. पुढे त्यातला आराम कळतो: कोणाचं देणं डोक्यावर घेऊन झोपावं लागत नाही.

चोख हिशेबाचा कळस मात्र भाड्याच्या घरात गाठलेला असतो. इथं घर ‘कोरं’ भाड्यानं घेतलं, तर ते अक्षरशः कोरं मिळू शकतं. आधीचा भाडेकरू जाताना पडदे तर नेतोच, पण दिवे आणि पायाखालची लाकडी जमीनसुद्धा सोलून नेतो. ती त्याच्या पैशांची होती ना! नव्या माणसाचं स्वागत करतो उघडा काँक्रीटचा कोबा, त्यावर सुकलेले डिंकाचे पट्टे आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी. आधीच्याशी सौदा जमला, तर जमीन विकतही घेता येते. मग सामान आत आणायचं. जुन्या घरांचे जिने इतके अरुंद आणि उभे, की कपाट वर चढणं अशक्य. म्हणून आम्स्टरडॅमच्या जुन्या घरांच्या माथ्यावर तुळई आणि आकडा असतो. दोराला बांधून पलंग खिडकीतून आत घ्यायचा. हल्ली त्यासाठी शिडीसारखी सरकती लिफ्ट भाड्यानं मिळते आणि सारा संसार गल्लीदेखत वर चढतो.

तोच संसार २७ एप्रिलला खाली उतरतो. राजा विलेम-अलेक्झांडरचा हा वाढदिवस. त्या दिवशी कोणीही परवान्याशिवाय रस्त्यावर जुनं सामान विकायला बसू शकतं. चांगली जागा हातची जाऊ नये म्हणून आधीच फूटपाथवर खडूनं नाहीतर चिकटपट्टीनं चौकोन आखून ठेवतात. सतरंजीवर कपबशा, स्केट्स, आजीचा दिवा. कोपऱ्यावर एखादी मुलगी व्हायोलिन वाजवत समोर डबा ठेवून उभी. पवनचक्कीच्या चित्राचं एक जिगसॉ मी उचललं, तेव्हा विक्रेत्या मुलानं, वय असेल सातेक वर्षं, आधी सांगून टाकलं, की यातले दोन तुकडे हरवलेत. मग किंमत कमी कर, म्हटलं. ‘कमी केलेलीच आहे,’ तो म्हणाला आणि पन्नास सेंटसाठी हात पुढे केला.