उतारवय

चालणे म्हणजे शिस्तीत पडणे, हे कळल्यापासून माझा स्वतःबद्दलचा आदर वाढला आहे. देह पुढे कलतो, आता तोंडावर आपटणार, एवढ्यात मागचा पाय धावून येतो आणि अब्रू वाचवतो. टेकलेल्या पायावरून आपण उलट्या लंबकासारखे झुलतो. बोटभर उंचावलो की तीच उंची पुढे वेग म्हणून परत मिळते. सपाटीवर चालणे असे काटकसरीचे!

केळझरच्या टेकडीवर मात्र हिशेब बिघडतो. सिद्धिविनायकाला जाताना छातीचा भाता होतो आणि माणूस म्हणतो, "बाप्पा, उतरताना तरी सुख दे!" उतरताना दम लागत नाही, हे खरे. पण मांडीचे स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतात, आणि पायरी उतरताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे साडेतीनपट भार येतो. 60 किलोच्या गृहस्थाचा गुडघा दर पायरीला 2 क्विंटल पेलतो; हमालीचा पैसा नाही!

केळझरला लोक एकचक्रा नगरी म्हणतात. भीमाने बकासुराला मारले ते इथे. भीमाचे गुडघे पुढे दुखले का, याविषयी व्यास गप्पच आहेत. याच वाटेवरच्या पवनारहून विनोबा 1951 साली पायी निघाले ते 1964 साली परतले. देह कृश, सामान थोडे. गुडघ्यांनी तक्रार कशाला करावी?

आपल्या भाषेने म्हातारपणाला 'उतारवय' का म्हटले, हे आता पटते. गेलेला दम बसल्यावर परत येतो. झिजलेला गुडघा येत नाही. म्हणून उतारावर मी बायकोचा हात धरतो. लोक त्याला प्रेम म्हणतात. तेही असेलच.