आधी कंदील, मग पाय

हळदीच्या हंगामात सांगलीकडे जायचे म्हणजे माझ्यासारख्या शेतीखात्याच्या माणसाला सणच. साताऱ्याहून सकाळची एसटी धरली. नागठाणे, उंब्रज मागे पडले. कराडला एक विशीतला मुलगा शेजारी येऊन बसला. मोबाईलवर त्याचे बोट सारखे चालू होते. पेठ नाक्याला गाडी वळली तसा तो म्हणाला, "काका, वडिलांचा पीएम किसानचा हप्ता अडकलाय. गावच्या ग्रुपवर ही फाईल आलीय. ही घेतली की केवायसी होतंय म्हणे. घेऊ का?"

फाईलच्या नावाशेवटी 'एपीके' अशी अक्षरे होती. मी म्हटले, "बाळा, जरा थांब. पुढचं गाव येऊ दे."

पुढचे गाव इस्लामपूर. आता त्याला ईश्वरपूर म्हणतात. दुतर्फा उसाचे हिरवेगार फड. कडकनाथ कोंबडीच्या योजनेचे केंद्र हेच गाव होते. कोंबडी मूळची मध्य प्रदेशातील झाबुआची, काळ्या मांसाची. पैसे भरा, पिल्ले घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने घेऊ, असा कंपनीचा वायदा होता. सुरुवातीच्या काहींना पैसे मिळाले. ते पाहून राज्यभरातून कितीतरी शेतकरी पुढे आले. मग खरेदी थांबली, खाद्य थांबले, पक्षी उपाशी मरू लागले. २०१९ साली फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले.

"आमच्या भावकीतल्या एकाचं शेड अजून रिकामं आहे," मुलगा हळूच म्हणाला.

"तीच गत या फाईलची. पिल्लू दिसतं खरं, पण दावं दुसऱ्याच्या हातात. ही फाईल आत घेतली की तुझ्या फोनवर आलेला ओटीपी चोर वाचू शकतो. मग वडिलांचं खातं रिकामं व्हायला किती वेळ?"

सांगलीला उतरल्यावर त्याला म्हटले, "चल, हरिपूर पाहून येऊ." कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात बरीच पेवे निकामी झाली. एका जुन्या पेवाशी बसलेल्या आजोबांनी रीत सांगितली : "पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आत हवा नसते. तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस आत सोडायचा नाही. कितीही घाई असू दे."

मुलगा माझ्याकडे पाहून हसला. त्याला कळले होते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, घरातला मोबाईल बहुधा तरुण मुलांच्या हाती असतो, आणि खाते वडीलधाऱ्यांचे. म्हणून मुलांना हा कंदील शिकवा. पीएम किसानची केवायसी सरकारी संकेतस्थळावर, सरकारी ॲपवर किंवा गावच्या सेवा केंद्रात करावी. ग्रुपवर आलेल्या फाईलवर नव्हे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार हे समजावे. नोकरीआधी अनामत मागणारा नोकरी देत नसतो. 'खाते वापरायला दे, हजारभर रुपये देतो' म्हणणाऱ्याला दारात उभे करू नये; चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या घरी.

आणि पाय घसरलाच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, बँकेलाही कळवावे. पैसे पुढच्या खात्यात पळण्याआधी तक्रार पोचली तर ते अडवता येतात. म्हणून पोरांना रागावण्याचे काम दुसऱ्या दिवसावर ठेवावे. रागाच्या भीतीने पोर दोन दिवस गप्प राहिले, तर पैसा हाती लागत नाही.

परतीच्या गाडीत मुलाने ती फाईल पुसून टाकली. मग गावच्या ग्रुपवर स्वतःच लिहिले, "ही फाईल कुणी उघडू नका. केवायसीला उद्या सेवा केंद्रात जाऊ." कराड येईपर्यंत चार घरांतून उत्तर आले होते, "बरं झालं सांगितलंस."