यळवस आणि रिकामी दावण

परवा यळवस झाली. बाहेरच्या मित्रांना सांगतो, मार्गशीर्ष अमावस्येला आमच्या लातूर भागात गावं ओस पडतात, अख्खं घर रानात जेवायला.

कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. भज्जी, आंबील, उंडे. लातूरला शिकताना मला ही पूजा थोतांड वाटायची. तिलाही तसंच सांगितलेलं. एका यळवसीला ती मैत्रिणींसोबत आमच्या रानात आली. आईनं दुसऱ्यांदा आंबील वाढली तेव्हा हळूच म्हणाली, "मला नाही वाटत हे थोतांड." पुढं तिच्या घरच्यांनी पुण्याचा नोकरीवाला बघितला. आमची साडेतीन एकर कोरडवाहू. त्यांचा राग येत नाही.

यंदाचं दुखणं वेगळंय. पेरणीआधी वानेरा जोडी विकली. पांढरंशुभ्र अंग, काळं तोंड, अस्सल देवणी. पेरणी ट्रॅक्टरनं होते, वर्षाचा कडबा-पेंड परवडत नाही, हा हिशोब मीच दादांपुढं मांडला होता. हिशोब आजही बरोबरच आहे. पण पूजा झाल्यावर दादा सवयीनं नैवेद्य घेऊन आखाड्यावरच्या दावणीकडं गेले अन् तिथंच उभे राहिले. मग ताट माझ्या हातात दिलं. "कालवडीला चार," एवढंच म्हणाले. जेवले नाहीत.

दिवस मावळताना आंबील शिंपडत मीच हरभऱ्यातून फिरलो, कुणी न सांगता. घाटेअळी दिसली, मीटरभर ओळीत एखादी. उद्या सकाळी ५ टक्के निंबोळी अर्क मारतोय.