बेटीबाईंचा वर्ग

आम्ही शिकवणाऱ्या बायका दर जूनला नवी पोरं हाती घेतो आणि जरा वळण लागलं, की वरच्या वर्गात पाठवून देतो. अमेरिकेतल्या बेटी कार्टर ह्या जॅझ गायिकेनं वर्षानुवर्षं हेच केलं. तेही स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यात!

ती डेट्रॉइटमध्ये वाढली. १९४८ साली लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये गाऊ लागली. तो तिला काढून टाकी आणि त्याची बायको ग्लॅडिस परत ठेवून घेई. (बँडचा व्यवहार ग्लॅडिसच पाही, बरं का!) पुढे संसार, दोन मुलगे. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांशी जमेना, तेव्हा तिनं स्वतःचीच कंपनी काढली.

मला नवल वाटतं ते तिच्या साथीदारांचं. जाणते वादक गायिकेला सांभाळून घेतात. ही मात्र पियानो, बास, ड्रमवर विशीतली पोरं बसवायची. बरं, लाड मुळीच नाहीत! गाणं कधी अगदी संथ, कधी भरधाव; पोरांनी नजर तिच्यावरच ठेवायची. बेनी ग्रीन १९८३ साली विसाव्या वर्षी पियानोवर आला, चार वर्षांनी आर्ट ब्लेकीच्या बँडमध्ये गेला. असं एकेक तयार होऊन जाई आणि हिचा पुन्हा ओनामा.

१९९३ साली तिनं ब्रुकलिनमध्ये 'जॅझ अहेड' हा तरुणांचा वर्गच सुरू केला. १९९८ साली ती गेली. वर्ग वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये भरत राहिला. पुढे तो चालवायला आला जेसन मोरान. हा त्याच वर्गातला जुना विद्यार्थी!