रूपकुंडाची वाट

मार्गशीर्षातील एका सकाळी आम्ही मुळा-मुठा ओलांडून येरवड्यास डेक्कन कॉलेजच्या आवारात फिरावयास गेलो होतो. टिळक-आगरकर जेथे शिकले, ती दगडी वास्तू पाहावी, घटकाभर झाडांखाली बसावे, एवढाच हेतू. तेथे एक जुना विद्यार्थी भेटला. सोबतच्या मुलास तो म्हणाला, “रूपकुंडावरच्या आपल्या पूर्वजांची गोष्ट मी सांगतो ना, ती ह्या गुरुजींनी शिकवलेली!” मुलाने वाकून नमस्कार केला, आम्ही मात्र ओशाळलो. कारण ती गोष्ट आता तशी उरलेली नाही.

गढवालात त्रिशूळ शिखराच्या कुशीत, सुमारे ५,००० मीटर उंचीवर, रूपकुंड हे चिमुकले सरोवर आहे. वर्षाचा बराच काळ ते गोठलेले असते. १९४२ साली एका वनाधिकाऱ्यास तेथे मानवी अस्थींचा खच आढळला. ही शेकडो माणसे अखेरीस कोठे निघाली होती? कोणी म्हणाले, जपानी सैनिक. कोणी म्हणाले, तिबेटच्या स्वारीहून परतणारी जोरावरसिंगाची फौज. गढवाली लोकगीते सांगतात की, कनौजचा राजा जसधवल नर्तकींसह नंदादेवीच्या यात्रेस निघाला. देवी कोपली आणि तिने लोखंडासारख्या गारांचा मारा केला.

२००४ च्या सुमारास जे संशोधन झाले, त्यात ह्याच डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे सहभागी होते. काही कवट्यांवर वरून बसलेल्या आघातांच्या, न भरलेल्या खुणा दिसल्या, तेव्हा गारपिटीच्या कथेस बळ आले. काळ इसवी सनाचे नववे शतक ठरला. काही नमुन्यांचे कोकणस्थांशी साम्य असल्याचे वृत्तपत्रांत आले, आणि आम्ही ते वर्गात मोठ्या अभिमानाने सांगितले.

पुढे २०१९ साली ३८ व्यक्तींच्या अस्थींची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २३ जण भारतीय उपखंडातील होते; परंतु ते एका जातीचे नव्हते आणि सर्व एकाच वेळी मेलेही नव्हते. १४ जण पूर्व भूमध्य प्रदेशातील, ग्रीस व क्रीटच्या लोकांशी नाते सांगणारे. त्यांचा मृत्यू सुमारे हजार वर्षांनंतरचा, १८०० च्या आसपासचा. एक जण आग्नेय आशियाकडील. सर्वांचा एकच तांडा आणि एकच गारपीट, हा तर्क तेथेच संपला.

महाप्रस्थानिक पर्वात हिमालयाच्या वाटेवर एकेक जण कोसळतो. भीम कारण विचारतो आणि युधिष्ठिर ते सांगतो. परंतु धर्मराज पडणाऱ्यांस जन्मभर ओळखत होता. आम्ही मात्र ज्यांचे नाव-गावही ठाऊक नाही, त्यांस आधी आपले गोत्र दिले आणि मग मरणाचे कारण दिले. आपलेपणाच्या लोभाने परक्याच्या अस्थींवर हक्क सांगणे, हीही एक प्रकारची चोरीच होय.

हे सारे आम्ही त्या दोघांस सांगितले. विद्यार्थी गप्प झाला. मुलाने मात्र विचारले, “मग आजोबा, ते इतक्या लांबचे लोक तिथे कशाला गेले होते?”

“ते अजून कोणासही कळलेले नाही, बाळ,” आम्ही म्हणालो. चाळीस वर्षांच्या मास्तरकीत इतके खरे उत्तर आम्ही क्वचितच दिले असेल.