४५१ नॉट आउट, पुढे काय?

पुण्यात ‘मी जालन्याची’ म्हटलं की लोक विचारतात, ‘स्टीलवालं ना?’ मी म्हणते, ‘विजय झोलवालं!’

२०११ मध्ये कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध या पोरानं ४६७ चेंडूंत नाबाद ४५१ ठोकले. २०१४ च्या अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कपला तो भारताचा कॅप्टन. त्याच्या हाताखाली खेळलेले संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव पुढे सीनियर टीम इंडियाकडून खेळले. कॅप्टनला मात्र तो कॉल आलाच नाही.

आपल्याकडेही असंच होतं ना? सोबत जॉइन झालेला मॅनेजर होतो, आपण त्याच खुर्चीत. लगेच ‘मेहनत कमी पडली’ म्हणू नका, बॉस. मेहनत प्रमोशनची गॅरंटी देत नाही. पण स्कोअरबुकातले ते ४५१ कुणी खोडूनही दाखवावेत!