राणीचं स्थळ

मैत्रिणींनो, मुलीसाठी स्थळ पाहताना आपण किती चौकशा करतो! घर कसं, शेती किती, मुलाला सुपारीचं तरी व्यसन नाही ना? पण आमच्या कुत्रीचं स्थळ बघायची वेळ आली, तेव्हा घरात एकच चौकशी झाली: पिल्लं किती होतील आणि एकेक कितीला जाईल?

आमची राणी लॅब्रॅडॉर जातीची, अडीच वर्षांची. पुण्याच्या भावजींकडे त्याच जातीचा टायगर. दिवाळीला भावजी आले नि म्हणाले, "वहिनी, यंदा दोघांचं जुळवून टाकू. निम्मी पिल्लं तुमची." यांनी लगेच हिशेब मांडला. माझ्या अर्धवेळ शिकवण्याच्या पगारात न बसणारी लेकीच्या वसतिगृहाची फी त्यात सहज बसत होती. मोह मलाही झाला. खोटं कशाला सांगू?

पण मला आमचा मोत्या आठवला. राणीच्या आधीचा, तोही लॅब्रॅडॉरच. वर्षाचा होतो न होतो तोच मागचे पाय ओढायला लागला. पायरी चढताना कळवळायचा. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट बसतच नव्हता. हा दोष बराचसा आईबापांकडून येतो; वाढत्या वयातलं जादा वजन आणि गुळगुळीत फरशी त्यात भर घालतात. पिल्लू विकणारा मात्र "ताई, जनावराचं नशीब!" म्हणून मोकळा झाला. त्या मुक्या जिवाचं दुखणं आम्ही सहा वर्षं पाहिलं.

म्हणून मी म्हटलं, "भावजी, आधी दोघांच्याही तपासण्या करून घेऊ."

झालं! भावजींचा चेहरा उतरला. "आमच्या टायगरला काय रोग झालाय?" ताटावरचं बोलणंच तुटलं.

बाजू सावरली ती सासूबाईंनी. आमचं गाव हिवरे बाजार. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान यांनी गावाचं रूप पालटलं, हे तुम्ही वाचलं असेलच. याच गावानं लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी करायचा नियमही केला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, आपल्या गावानं पोरापोरींचं रक्त तपासायचं ठरवलं. नियम सगळ्यांनाच, मग त्यात अपमान कसला? गाय भरवताना वळूची आई किती दूध द्यायची ते विचारतोस, नि कुत्र्याचाच तेवढा मानपान?"

ती तपासणी संसर्गाची, ही आनुवंशिक दोषाची, हे खरं. पण मुद्दा एकच. आपल्या अज्ञानाची शिक्षा पुढच्या जिवाला नको.

भावजी तयार झाले. खुब्यांसाठी भूल देऊन एक्स-रे काढतात. जनुकीय तपासणीला रक्त किंवा गालाच्या आतून कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना पुरतो. लॅब्रॅडॉरमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊन अंधत्व आणणारा एक आजार असतो. त्याचा दोष एकाच पालकाकडून आला तर कुत्रं धडधाकट राहतं, पण दोषाचं वाहक असतं. असे दोन वाहक एकत्र आले, तर सरासरी चारातलं एक पिल्लू पुढे आंधळं होतं. वाहकाला निर्दोष जोडीदार मिळाला, तर पिल्लांना हा आजार होत नाही. वरून बघून यातलं काहीच कळत नाही.

अहवाल आले. टायगरचे डोळे निर्दोष, पण खुबे सदोष. आणि ज्या राणीचा मला एवढा अभिमान, ती डोळ्यांच्या आजाराची वाहक! माझीच मान खाली गेली. दोष दोन्ही घरांत होता, नि अपराध कुणाचाच नव्हता. स्थळ मोडलं. राणीची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. फीसाठी मी संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या.

मैत्रिणींनो, मुलं पिल्लासाठी हट्ट धरतील तेव्हा त्याच्या गोंडस तोंडाला भुलू नका. आईला प्रत्यक्ष पाहा. दोन्ही पालकांच्या खुब्यांचा एक्स-रे नि जनुकीय अहवाल मागा. २०१७ साली केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. मादी किमान दीड वर्षाची हवी, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचांहून अधिक नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकणारा या प्रश्नांवर चिडला, तर खुशाल परत या.

गेल्या आठवड्यात भावजींचा फोन आला. मला वाटलं, अजून राग असेल. तर म्हणाले, "वहिनी, टायगरचं वजन दोन किलोनं उतरवलंय. आता जिना चढताना थांबत नाही. वेळेवर कळलं म्हणून."

सासूबाईंना सांगितलं, तर त्या नुसत्या हसल्या नि राणीला भाकरीचा तुकडा टाकला.